ॲल्युमिनियमच्या इंजिनभागांसाठी डीग्रीझर: बाजारातील पर्यायांचे परीक्षण

इंजिनाच्या सुट्या भागांवरचा तेलकट थर काढण्यासाठी रसायन घेताना बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे मळ किती लवकर निघतो. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्लॉकपुरता हा प्रश्न पुरेसा आहे. हेड, क्रँककेस, क्लचचे कव्हर किंवा कार्बोरेटरची बॉडी अशा ॲल्युमिनियमच्या भागांच्या बाबतीत मात्र मळ निघून गेल्यावर ते रसायन थांबते की धातूलाच हात घालते, हे आधी विचारावे लागते. जुन्या दुचाकींची इंजिने खोलून पुन्हा बांधण्याच्या कामात मला जी रसायने वापरावी लागली किंवा इतरांनी वापरल्यावर ज्यांचे परिणाम निस्तरावे लागले, त्यांचे हे परीक्षण आहे. एकाच कंपनीची दोन उत्पादने परस्परविरोधी गुणांची असू शकतात, त्यामुळे मी ब्रँडपेक्षा डब्यातील घटकांना जास्त महत्त्व दिले आहे आणि नाव गरज असेल तेथेच घेतले आहे.

ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो आणि हा धातू टिकतो तो त्या पापुद्र्याच्या जिवावर. द्रावणाचा सामू, म्हणजेच पीएच, साधारण ४ ते ८.५ या पट्ट्यात असेपर्यंत पापुद्रा शाबूत राहतो. त्याच्या खाली आम्लात आणि वर अल्कलीत तो विरघळू लागतो, कारण हे ऑक्साइड शालेय रसायनशास्त्रात शिकवतात त्याप्रमाणे उभयधर्मी आहे. लोखंडाला अल्कलीचे भय नसते, उलट अल्कलीत ते गंजत नाही. बिडाच्या इंजिनांच्या काळात रुळलेली कॉस्टिक सोड्याची सवय ॲल्युमिनियमच्या काळात म्हणूनच अंगलट येते. कॉस्टिकच्या द्रावणात ॲल्युमिनियमचा तुकडा टाकला की पापुद्रा जाऊन उघड्या धातूवर बुडबुडे उठतात. तो हायड्रोजन असतो आणि एक ग्रॅम धातू विरघळला की सुमारे सव्वा लिटर वायू बाहेर पडतो. बंद शटरच्या आत, जवळच ग्राइंडर चालू असताना हा वायू साठणे ही वेगळीच जोखीम आहे.

याहून सर्वांच्या परिचयाचे लक्षण म्हणजे भाग काळा पडणे. दुचाकींची बरीचशी कव्हरे आणि क्रँककेस दाबाखाली ओतलेल्या मिश्रधातूंची असतात. त्यांपैकी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एडीसी-१२ या मिश्रधातूत सुमारे १० ते १२ टक्के सिलिकॉन आणि दीड ते साडेतीन टक्के तांबे असते. कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकते, पण सिलिकॉन आणि तांबे तसेच मागे राहतात, आणि बोट फिरवले तर बोटाला लागेल अशी काजळी पृष्ठभागावर दिसू लागते. अनेक मिस्त्री या काजळीला निघालेला मळच समजतात आणि आणखी रसायन ओततात. वास्तविक ती धातू गेल्याची खूण असते. कारखान्यांत ती काढण्यासाठी नायट्रिक आम्लाचा वेगळा टप्पा असतो. गॅरेजमध्ये तो नसतो आणि नसलेलाच बरा.

नुकसान केवळ रंगाचे असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. क्रँककेसमधील बेअरिंगची बैठक ही दाबून बसणाऱ्या मापाची असते आणि तेथे सारा हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत चालतो. रसायनाने चहूबाजूंनी ०.०२ मिलिमीटर धातू खाल्ला तरी भोकाचा व्यास ०.०४ मिलिमीटरने वाढतो, आणि पूर्वी गरम केल्याशिवाय न बसणारे बेअरिंग हाताने आत जाऊ लागते. मग ते कव्हरच्या आत फिरते आणि बैठक आणखी झिजवते. स्टडच्या आट्या आणि गॅस्केटच्या सपाट कडा यांचीही हीच गत होते. वरून चकचकीत दिसणारे इंजिन काही महिन्यांत आवाज करू लागले तर त्याचा संबंध धुण्याशी लावण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

बाजारात सुट्या कॅनमधून विकली जाणारी हिरवी, जांभळी किंवा पिवळी जी ‘इंजिन वॉश’ रसायने मिळतात, त्यांच्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. वॉशिंग सेंटरसाठी बनवलेली ही रसायने वेगाने काम करतात, स्वस्त पडतात आणि विक्रेता ‘सगळ्या मेटलला चालते’ असे बिनदिक्कत सांगतो. अशा एका कॅनवर घटकांची यादी नव्हती, उत्पादकाचा पत्ता अर्धवट होता आणि सामू मोजण्याच्या कागदी पट्टीवर तो १३ च्या पुढे दिसला. ‘दहा पट पाणी घालून वापरा, काही होत नाही’ हा त्यावरचा नेहमीचा सल्ला आहे, आणि तो नीट तपासून घेण्यासारखा आहे. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. तीव्र अल्कलीत दहापट पाणी घातले तर सामू केवळ एकाने उतरतो, म्हणजे साडेतेराचे साडेबारा होते. शंभर पट पाणी घातल्यावर ते साडेअकरावर येते, आणि तेव्हा त्याची तेल काढण्याची ताकदही संपलेली असते. ही रसायने टायरसाठी, चेसिससाठी किंवा गॅरेजच्या फरशीसाठी उत्तम आहेत. उघड्या ॲल्युमिनियमसाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. मोरी साफ करण्याचे कॉस्टिकचे दाणे आणि ओव्हन क्लीनर यांना तर या कामात अजिबात जागा नाही.

आता दुसऱ्या टोकाला असलेल्या रॉकेल, डिझेल आणि टर्पेंटाइन या मंडळींकडे वळू. धातूच्या दृष्टीने ही सर्व निरुपद्रवी आहेत. त्यांच्यात पाणी नाही, अल्कली नाही, आम्ल नाही. ती तेलाला आपल्यात सामावून घेतात आणि ॲल्युमिनियमकडे ढुंकूनही पाहत नाहीत. क्रँककेस रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवली तरी सकाळी तिचे माप तेच असते. त्यांचे दोष वेगळे आहेत. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून गॅरेजमध्ये डिझेल आले; पण डिझेल उडून जात नाही, मागे तेलकट हात ठेवते, आणि गॅस्केट सीलंट लावायच्या कडेवर तो हात राहिला तर सीलंट धरत नाही. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन त्या मानाने स्वच्छ वाळते आणि या गटात माझी पसंती त्याला आहे.

खरा प्रश्न आगीचा आहे. भारतीय मानकानुसार रॉकेलचा प्रज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. कोल्हापुरात पावसाळ्यात बसून हा आकडा निर्धास्त वाटतो, परंतु अकोला, चंद्रपूर किंवा नागपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधील उघडी परात हा सरळ पेटण्याजोग्या वाफेचा साठा असतो. पेट्रोलची गोष्ट तर कोणत्याही ऋतूत तशीच आहे, कारण त्याचा प्रज्वलनबिंदू उणे ४० अंशांच्याही खाली असतो. शिवाय त्यात बेंझीन असते. बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे, आणि बेंझीन कर्करोगकारक असल्याबद्दल आता वाद उरलेला नाही. पेट्रोलने उघड्या हातांनी भाग धुण्याची आपल्याकडची प्रथा जितकी जुनी तितकीच वाईट आहे.

रॉकेलच्याच कुळातील, पण त्यात साबणासारखा घटक मिसळलेले डीग्रीझर हा प्रकार आपल्याकडे हवा तितका परिचित नाही. ते कोरड्या भागावर ब्रशने लावायचे, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचे आणि मग पाण्याने धुवायचे. यामध्ये क्रम महत्त्वाचा आहे, कारण भाग आधी ओला केला तर ते तेलाऐवजी पाण्यालाच जाऊन मिळते. पाणी पडताच काळा चिकटा दुधाळ होऊन वाहू लागतो आणि खाली धातूचा मूळ करडा रंग दिसतो. बोरच्या, म्हणजे सिलिंडरच्या, बाहेरील पंखांमधील खोलगट जागांत, जिथे रस्त्यावरची धूळ आणि गळलेले तेल एकत्र होऊन डांबरासारखे बसलेले असते, तेथे या प्रकाराइतके चांगले काम मी दुसऱ्या कशाचे पाहिलेले नाही. अल्कली नसल्याने ॲल्युमिनियम सुरक्षित राहते. वास उग्र असतो आणि तो एक-दोन दिवस हातांना राहतो, एवढे सहन करावे लागते.

स्प्रेच्या डब्यांची लोकप्रियता मला त्यांच्या गुणांपेक्षा जास्त वाटते. कार्ब क्लीनरमध्ये बहुधा ॲसिटोन, टोल्यूइन, झायलीन, मिथेनॉल अशी द्रावके असतात. ती ॲल्युमिनियमला काही करत नाहीत, पण कव्हरवरचा चंदेरी रंग आणि लॅकर मात्र क्षणात मऊ करतात आणि ओ-रिंग फुगवतात. जेट आणि बारीक मार्ग मोकळे करण्यासाठी हा डबा हवाच, मात्र संपूर्ण क्रँककेस त्याने धुणे म्हणजे पैसे हवेत उडवणे आहे. ब्रेक क्लीनरचे दोन वंश आहेत, क्लोरीनयुक्त आणि क्लोरीनविरहित, आणि डबा घेताना हा भेद पाहणे अत्यावश्यक आहे. टेट्राक्लोरोइथिलीन किंवा डायक्लोरोमिथेन असलेला डबा उत्तम तेल काढतो, पेट घेत नाही, आणि म्हणून काहींना तो अधिक सुरक्षित वाटतो. परंतु अशा द्रावकाने ओला असलेला भाग वेल्डिंगला घेतला तर उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ॲल्युमिनियमच्या बारीक किसासोबत, स्थिरक नसलेली क्लोरीनयुक्त द्रावके तीव्र अभिक्रियाही करतात. तुटलेला फिन किंवा फाटलेले कव्हर आर्गन वेल्डिंगला पाठवायचे असेल तर ते क्लोरीनविरहित द्रावकाने पुसून पूर्ण कोरडे करूनच पाठवावे. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा डबा हा या यादीत बसतच नाही. तो मळ सैल करतो हे खरे, पण मागे तेलाचा थर ठेवतो. त्याच कंपनीचे डीग्रीझर हे वेगळे उत्पादन आहे आणि दुकानदार अनेकदा एकाच्या जागी दुसरा डबा देतो.

ज्यांच्याकडे रोज काम असते अशांच्या दृष्टीने सर्वांत विचार करण्याजोगा गट म्हणजे पाण्यात मिसळून वापरायची, ॲल्युमिनियमसाठी खास तयार केलेली डीग्रीझर. आग लागण्याची भीती नाही, वास सौम्य, आणि एक लिटर अर्कात दहा लिटर पाणी घातले की अकरा लिटर द्रावण हाती येते, त्यामुळे महाग वाटणारा डबा प्रत्यक्षात परवडतो. यामध्ये सामू आणि सुरक्षितता यांचे नाते मात्र सरळ नाही, आणि येथेच बहुतेक सल्ले अपुरे पडतात. सोडियम मेटासिलिकेट असलेल्या द्रावणाचा सामू ११ च्या पुढे असूनही ते ॲल्युमिनियमला खात नाही, कारण सिलिकेट धातूवर स्वतःचा एक संरक्षक थर धरते आणि अल्कलीला अडवते. उलट धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू त्याहून कमी असला तरी त्यात असा संरक्षक नसल्याने भाग मंद करडा पडतो. म्हणून केवळ पट्टी बुडवून निर्णय घेता येत नाही. सिलिकेट नसेल तर मी १० च्या आतलाच सामू स्वीकारतो आणि भाग दहा मिनिटांहून जास्त वेळ बुडवत नाही. सिलिकेट असेल तर मर्यादा सैल करतो. सिलिकेटचा एक उपद्रव आहे. द्रावण भागावर वाळू दिले तर काचेसारखा पांढरट थर बसतो आणि तो नंतर सहजी निघत नाही. त्यामुळे धुणे आणि खंगाळणे यांच्या मध्ये चहाला जाऊ नये.

डबा सुरक्षित आहे की नाही हे वेष्टनावरील हिरव्या पानाच्या चित्रावरून किंवा ‘ॲल्युमिनियम सेफ’ या शब्दांवरून ठरत नाही. ते ठरते त्या उत्पादनाच्या सुरक्षा माहितीपत्रकावरून. एसडीएस या नावाने ओळखले जाणारे हे पत्रक १६ भागांचे असते आणि नामांकित उत्पादकांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. सोळाही भाग वाचण्याची गरज नाही. तिसऱ्या भागात घटक त्यांच्या कॅस क्रमांकांसह, म्हणजे प्रत्येक रसायनाच्या ठरलेल्या ओळख क्रमांकासह, दिलेले असतात: १३१०-७३-२ म्हणजे कॉस्टिक सोडा, १३१०-५८-३ म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ६८३४-९२-० म्हणजे सोडियम मेटासिलिकेट. व्यापारी नावे कितीही बदलली तरी हे क्रमांक बदलत नाहीत. नवव्या भागात सामू आणि प्रज्वलनबिंदू असतो. दहाव्या भागात कोणत्या पदार्थांशी संपर्क टाळावा ते सांगितलेले असते, आणि तेथे ॲल्युमिनियम, जस्त किंवा ‘हलके धातू’ असा उल्लेख दिसला तर वेष्टनावर काहीही छापलेले असो, तो डबा परत ठेवावा.

दुसऱ्या भागातील एक संकेत विशेष कामाचा आहे. एच-२९० याचा अर्थ ‘धातूंना क्षरणकारक असू शकते’ असा आहे, आणि पोलाद किंवा ॲल्युमिनियम यांपैकी एकावर ५५ अंश सेल्सिअसला वर्षाला ६.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त झीज झाली तरच तो लावला जातो. हा दर दिवसाला सुमारे १७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे १७ हजारांश, भरतो. याचा अर्थ असा की एच-२९० नसलेले रसायनसुद्धा गरम द्रावणात रात्रभर ठेवलेल्या बेअरिंगच्या बैठकीला सात-आठ मायक्रॉनपर्यंत हात लावू शकते आणि तरीही नियमांत बसते. म्हणून हा संकेत दिसला तर डबा नाकारण्यास पुरेसा आहे, पण तो नसणे म्हणजे हवा तितका वेळ बुडवून ठेवण्याचा परवाना नव्हे. सिलिकेटयुक्त काही चांगल्या अर्कांवरही हा संकेत असतो, त्यामुळे या नियमाने एखादे निर्दोष उत्पादनही गाळले जाईल. त्याने कोणाच्या इंजिनाचे नुकसान होत नाही.

पत्रक मिळाले नाही तर स्वतःची चाचणी घ्यावी. स्वयंपाकघरातील फॉइलचा तुकडा बुडवून बुडबुडे पाहण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते आणि तीव्र कॉस्टिक ओळखायला ती पुरते, परंतु फॉइल जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमची असते आणि काळे पडणे हा मुख्यतः मिश्रधातूचा दोष आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी भंगारात तुटलेली कव्हरे किलोवर मिळतात. त्यांपैकी एकाचा तुकडा घ्यावा, अर्धा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून उजळ करावा, आणि वापरायच्या त्याच प्रमाणात केलेल्या द्रावणात अर्धी उंची बुडेल असा उभा ठेवावा. अर्ध्या तासाने बाहेर काढून पांढऱ्या कापडाने पुसावा. द्रावणाच्या पातळीवर रेघ उमटली नसेल आणि कापडाला काजळी लागली नसेल तर ते रसायन त्या कामापुरते चालेल. सौम्य समजल्या जाणाऱ्या रसायनांतही ही रेघ कधी कधी स्पष्ट दिसते: खालचा भाग मंद राखाडी, वरचा तसाच उजळ. द्रावण कोमट करून वापरणार असाल तर चाचणीही कोमट द्रावणातच घ्यावी, कारण तापमानाबरोबर झीज झपाट्याने वाढते. गरम इंजिनावर थेट डीग्रीझर फवारणे याच कारणाने टाळावे.

आम्लांबद्दल थोडक्यात, पण ठामपणे सांगायचे आहे. शौचालय साफ करण्याच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याने ॲल्युमिनियम पांढरे दिसते, कारण वरचा थर जातो, आणि आत राहिलेले क्लोराइड पुढे बारीक खड्डे पाडते. ट्रकच्या बॉडीसाठी विकल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम ब्राइटनरपैकी काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. हे आम्ल त्वचेतून आत जाते, वेदना अनेकदा उशिरा सुरू होतात, आणि त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेलचा उपचार तातडीने लागतो. दुचाकीच्या कव्हरसाठी ही जोखीम पत्करण्याचे कारण मला दिसत नाही. डीग्रीझरचे काम तेल काढणे हे आहे. धातूवरचा पांढरा बुरा हे ऑक्सिडीकरण आहे, पिस्टनच्या माथ्यावरचा थर हा कार्बन आहे, आणि यांपैकी एकही गोष्ट ग्रीस नाही. डीग्रीझरने चकाकी आली असे कोणी सांगितले तर त्याने धातूचा थर काढला असेच समजावे.

सेवांविषयी दोन अनुभव नोंदवण्यासारखे आहेत. काही मशीन शॉपमध्ये कॉस्टिकची गरम टाकी असते आणि बिडाच्या ब्लॉकसाठी ती अप्रतिम आहे. मारुती ८०० सारख्या गाडीत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि दोन्ही एकाच वेळी दिले तर दोन्ही एकाच टाकीत जाण्याचा धोका असतो. माझ्या पाहण्यातील एका शॉपने नेमके तेच केले: ब्लॉक नव्यासारखा परत आला, हेड काळवंडलेले, खडबडीत आणि गॅस्केटच्या कडेला हाताला जाणवेल इतके खाल्लेले. हेड देतानाच ‘टाकीत टाकू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. अल्ट्रासॉनिक धुलाईचा अनुभव याउलट समाधानकारक आहे. साधारण ४० किलोहर्ट्झचे यंत्र, ५० ते ६० अंशांचे सौम्य द्रावण आणि थोडा वेळ, एवढ्यात कार्बोरेटरचे असे मार्ग मोकळे होतात जिथे तार जात नाही. मात्र ध्वनिलहरींमुळे फुटणारे सूक्ष्म बुडबुडे स्वतःच ॲल्युमिनियमला टोचे पाडू शकतात, त्यामुळे ‘अजून थोडा वेळ ठेवा’ असा आग्रह ग्राहकाने धरू नये, आणि टाकीत कोणते द्रावण आहे हे विचारायला संकोचू नये.

पाण्याने धुतल्यानंतरच्या कामात हयगय झाली तर चांगले डीग्रीझरही बदनाम होते. खंगाळण्यासाठी शक्य तेवढे मऊ पाणी वापरावे. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग धातूवर पक्के बसतात. तेलाचे मार्ग आणि स्टडची बंद भोके हवेच्या दाबाने मोकळी करावीत, आणि भोकाच्या तळाशी द्रव राहिला नाही याची खात्री करावी, कारण त्यावर बोल्ट आवळला तर दबलेला द्रव कास्टिंगला तडा पाडू शकतो. आरएक्स-१०० सारख्या इंजिनाच्या बोरमध्ये ॲल्युमिनियमच्या आत बिडाचा लायनर असतो. ॲल्युमिनियम ओले राहिले तर तक्रार करत नाही, लायनरवर मात्र पाहता पाहता तांबूस गंज चढतो. तो पुसून लगेच तेलाचा हात फिरवावा. रबरी सील आणि ओ-रिंग धुण्यापूर्वीच काढून ठेवावेत. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. साधे लॅटेक्स तेलाने लवकर फुगते, आणि ॲसिटोन असलेला स्प्रे नायट्राइलमधूनही काही मिनिटांत आत येतो, म्हणून त्या कामात मोजे बदलत राहावेत. डोळ्यांना चष्मा हवाच.

निवड सांगायची झाली तर ती कामाच्या प्रमाणावर अवलंबून आहे. वर्षाकाठी एखादे इंजिन खोलणाऱ्या हौशी माणसाला मिनरल टर्पेंटाइन, एक रंगाचा ब्रश, आणि शेवटी भांड्यांच्या द्रव साबणाचे कोमट पाणी एवढे पुरेसे आहे. तो साबण सामान्यतः उदासीनतेच्या जवळ असतो आणि कडा सीलंटसाठी योग्य अशा कोरड्या करून देतो. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना सिंपल ग्रीन सहज मिळते, पण त्याच कंपनीने विमानांच्या भागांसाठी वेगळे क्लीनर काढले आहे, यातच नेहमीच्या बाटलीची मर्यादा दिसते. ॲल्युमिनियमसाठी ते वेगळे घ्यावे. रोज धुलाई करणाऱ्या गॅरेजने सिलिकेटयुक्त, पाण्यात मिसळायचे, माहितीपत्रक देणाऱ्या उत्पादकाचे डीग्रीझर घ्यावे आणि कार्ब क्लीनरचा एक क्लोरीनविरहित डबा सोबत ठेवावा.

साबण मिसळलेल्या द्रावक डीग्रीझरला मी कामाच्या गुणांवर पहिला क्रमांक दिला असता. त्याची अडचण मागे उरणाऱ्या पाण्याची आहे. दुधाळ झालेले ते पाणी कितीही वेळ ठेवले तरी त्यातून तेल वेगळे होत नाही, ते गटारात सोडता येत नाही, आणि वापरलेले तेल गोळा करणारे ते घेत नाहीत, कारण त्यात पाणीच जास्त असते. चांगल्या सिलिकेट द्रावणात रात्रीतून तेल वर तरंगते. सकाळी ते पळीने काढून वापरलेल्या तेलाच्या पिंपात टाकता येते आणि खालचे द्रावण पुन्हा वापरता येते. त्यामुळे ते दुधाळ डीग्रीझर आता फक्त बोरच्या पंखांमधील जुनाट थरापुरते, तेही परातीत आणि ब्रशला लागेल इतकेच वापरण्याजोगे राहिले आहे.